दरवाजा वाढव

मी एक जुना टेलिफोन आहे. काळा, जाडजूड आणि इतका वजनदार, की एकदा एका वायरमनच्या पायावर पडलो तर बिचारा आठवडाभर लंगडत होता. मित्रांनो, माझ्या अंगावर आकडे नाहीत, तबकडी नाही, बटणं नाहीत. धरणाच्या भिंतीवर दरवाजे चालवायची खोली आहे, तिथल्या टेबलावर मी बसतो. माझा रिसीव्हर उचलला, की खाली नदीकाठच्या शहरात, धरणाच्या कार्यालयात घंटा वाजते. तिथे माझा जुळा भाऊ असतो. आम्ही दोघं फक्त एकमेकांशीच बोलू शकतो.

कारखान्यात साच्यातून बाहेर निघालो, तेव्हा तपासनिसाने मला कानाशी धरून शीळ घातली. पलीकडच्या माणसाने तीच शीळ परत ऐकवली. "हा जसंच्या तसं पोचवतो," तपासनीस म्हणाला. ती शाबासकी मी अजून विसरलेलो नाही. बोलणं गोड असो की कडू, आपण पदरचं काही घालायचं नाही, हे मी त्याच दिवशी ठरवलं.

दरवाजे चालवणाऱ्या काकांनी मला उभी नोकरी वापरलं. ते मला रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसत आणि मगच पाण्याची पातळी खाली कळवत. ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या मुलीला त्याच खोलीत नोकरी लागली. तिला सगळे ताई म्हणतात. मग मोबाइल आले आणि माझी किंमत उतरली. कोणी माझ्यावर ओला रुमाल वाळत घाली, कोणी मला उशाला घेऊन दुपारची डुलकी काढी. मला भंगारात काढायचा हुकूमही निघाला होता. "तार शाबूत आहे तोवर याला हलवायचं नाही," असं ताईने ठणकावून सांगितलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

धरणाच्या वरच्या अंगाला एक खोरं आहे. धरणाची भिंत उंच करायचं ठरलं आणि त्या खोऱ्यातली शेतं, विहिरी, शाळा, सगळं पाण्याखाली जाणार असं कळलं. तिथल्या शाळेचे एक मास्तर होते, त्यांना सगळे सर म्हणत. ते अर्ज घेऊन पुन्हा पुन्हा या खोलीत येत आणि माझ्यावरूनच खाली साहेबांशी बोलू पाहत. साहेब म्हणत, "वर विचारावं लागेल," आणि फोन ठेवून देत. हळूहळू सरांचा आवाज बदलत गेला. आधी विनंती होती, मग चीड आली, आणि एक दिवस त्यांनी येणंच बंद केलं. ते रानात गेले, त्यांनी माणसं जमवली आणि स्वतःला राखणदार म्हणवून घेऊ लागले, असं ताई कोणाला तरी सांगत होती.

तलाव काठोकाठ भरलेला असताना एका दुपारी ते परत आले. या वेळी हातात अर्ज नव्हता, बंदूक होती. बरोबर खाणीत काम करणारा एक साथीदार होता आणि सरांची मावशी होती. आई गेल्यावर तिनेच सरांना वाढवलं होतं. माझं घर बुडणार आहे तर मीही तुझ्याबरोबर येऊन बसणार, असा हट्ट धरून ती आली होती.

सरांनी ताईचा मोबाइल फोडला. उरलो मी. त्यांनी मला उचलून साहेबांना सांगितलं, की भिंत उंच करणार नाही असं सूर्य मावळायच्या आत लिहून द्या, नाहीतर सगळे दरवाजे उघडतो आणि तुमचं शहर धुऊन नेतो. साहेब चाचरत म्हणाले, "वर विचारावं लागेल."

सरांनी बंदुकीचं टोक ताईकडे केलं आणि तिला पहिला दरवाजा उघडायला लावला. पाण्याच्या आवाजाने माझं टेबल थरथरू लागलं. मित्रांनो, सरांचं दुखणं खरं होतं हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. पण ते आता जे करत होते, ते मला मुळीच पटत नव्हतं.

थोड्या वेळाने साहेबांची घंटा आली. शहराबाहेर पडायला एकच बुटका पूल होता आणि पाणी त्याच्यावरून वाहू लागलं होतं. दवाखान्यातले आजारी, बायका, पोरं, सगळी अलीकडे अडकली होती. दरवाजा बंद झाल्याशिवाय कोणी सुटणार नव्हतं. सर म्हणाले, आधी कागद आणा.

तेवढ्यात खाली कोणीतरी साहेबांच्या हातून रिसीव्हर घेतला. आवाज मी लगेच ओळखला. ते काका होते, ताईचे वडील; शहरातच राहत, बातमी ऐकून कार्यालयात धावत आले होते. मुलीशी दोन शब्द बोलू द्या, म्हणाले. सरांनी मला मधोमध धरलं, म्हणजे त्यांनाही ऐकू यावं. मावशीही जवळ सरकली.

"पोरी, सरांशी वाद घालू नकोस," काका म्हणाले. "पहिला दरवाजा वाढव. पुरता वाढव."

सर त्या दिवशी पहिल्यांदा हसले. "ऐकलंत ना? तुमचे वडीलच सांगतायत."

इथे मला जरा थांबून सांगायला हवं. जुन्या माणसांना 'बंद' किंवा 'फुटलं' हे शब्द जिभेवर नको असतात. ती दुकान बंद करत नाहीत, दुकान वाढवतात. त्यांची बांगडी फुटत नाही, वाढते. काकांनी तर उभ्या नोकरीत दरवाजा कधी बंद केला नाही, नेहमी वाढवलाच. सर मात्र मावशीने शिकायला दूरच्या वसतिगृहात ठेवलेले, पुस्तकी बोलणारे. त्यांनी शब्दाचा सरळ अर्थ घेतला: दरवाजा आणखी उघड. मी मात्र तो शब्द जसाच्या तसा पोचवला होता.

"बरं बाबा," ताई म्हणाली आणि तिने बटण दाबलं. तिचा आवाज जराही हलला नाही. मावशीने मात्र झटकन तिच्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. तिने एक शब्द उच्चारला असता, तर सगळं संपलं असतं.

दरवाजा सावकाश उतरत होता. दाराशी उभा असलेला साथीदार म्हणाला, पाण्याचा आवाज कमी झाल्यासारखा वाटतोय. सर ताईवरची नजर काढायला तयार नव्हते. त्यांनी मावशीला खिडकीतून बघायला सांगितलं. ती गेली, वाकली, तिने खाली नीट पाहिलं.

"वाढवलाय तिने," मावशी म्हणाली. "पुरता वाढवलाय."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. सरांनी मान डोलावली.

मग माझ्यातूनच, सरांच्या कानाशी, खालचा गलका ऐकू आला. पूल मोकळा झाला, चला, आधी आजाऱ्यांना न्या, असं कोणीतरी ओरडत होतं. डाव तेव्हा सरांच्या लक्षात आला. त्यांनी बंदूक उचलली, तोवर ताईने यंत्राची चावी उपसून खिडकीबाहेर तलावात भिरकावली होती.

"आता मला मारलंत तरी दरवाजा उघडणार नाही," ती म्हणाली.

मावशी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"खोरं आपलं आहे, म्हणून मी आले," ती भाच्याला म्हणाली. "खालची लेकरं बुडवून त्या शेतात मी पाय कसा ठेवू रे?"

सरांनी बंदूक जमिनीवर ठेवली आणि भिंतीला टेकून बसले. साथीदार केव्हाच पळाला होता. पोलीस आले आणि सरांना घेऊन गेले. मावशीलाही चल म्हणाले, पण तिने ऐकलं नाही. तिने मला उचललं. पलीकडे साहेब होते.

"फोन ठेवू नका," ती म्हणाली. "माझं बोलून व्हायचंय."

साहेबांनी वर विचारावं लागेल असं सुरू केलं, तेव्हा मागून काकांचा आवाज आला, "साहेब, ऐकून घ्या." मग मावशीने आपली विहीर सांगितली, शेजारणीचं घर सांगितलं, बांधावरची झाडं एकेक करून सांगितली. ताईने तिला स्टूल आणून दिलं. साहेबांनी त्या दिवशी शेवटपर्यंत ऐकलं. पुढे ते स्वतः खोऱ्यात जाऊन आले. भिंतीचा आता फेरविचार चाललाय, अजून काही ठरलेलं नाही, आणि ठरेपर्यंत मावशी इथे येऊन बोलत राहणार आहे. तशी तिने तंबीच दिली आहे, आणि माझीही तयारी आहे.

मित्रांनो, माझ्यावर धूळ साचली तर पुसा, माझी तार उंदरांपासून जपा. पण खरी काळजी घ्यायची ती पलीकडच्या माणसाची. घंटा वाजली तर उचला आणि तो बोलत असताना खाली ठेवू नका. सर पहिल्यांदा अर्ज घेऊन आले, तेव्हा खाली कोणी एवढं केलं असतं, तर मावशीला स्वतः वाढवलेल्या पोराच्या बंदुकीसमोर उभं राहावं लागलं नसतं.