लक्कव्वाच्या पोळीचं माप

मी एक दोनशे पानी वही आहे आणि माझ्या मनात राग आहे, हे आधीच सांगून टाकते. वहीला काय कळतंय, असं समजून माणसं आमच्यादेखत वाटेल ते करतात.

गौतमीनं मला सुभाष रोडवरच्या दुकानातून आणलं, तेव्हा ती बी.एड. करत होती. माझ्यात पाठांची टाचणं व्हायची होती. झालं भलतंच. कमरीपेठेतल्या घरी तिची आई लक्कव्वा स्वयंपाक करता करता सांगायची आणि गौतमी लिहून घ्यायची. भरली वांगी, दोडक्याच्या शिरांची चटणी, मेथीची पचडी, गव्हाची खीर, शेंगांची पोळी. लक्कव्वाला अक्षर येत नाही.

पहिल्या पानावर गौतमीनं लिहिलं, ‘माझी आई लक्कव्वा हिच्या हातचे पदार्थ’. वाचून दाखवल्यावर लक्कव्वानं त्या ओळीवरून बोट फिरवलं. बोटाला पीठ होतं. आपलं नाव कुठंतरी लिहिलेलं ती पहिल्यांदाच बघत होती.

पुढं गौतमी शाळेत शिक्षिका झाली. तिथल्या स्वातीबाईंनी तिच्या डब्यातली वांगी खाल्ली आणि दोन दिवसांसाठी म्हणून मला मळमड्डीला आपल्या घरी नेलं. त्या दोन दिवसांचं वर्ष झालं. गौतमीनं तीनदा मागितलं, तिन्ही वेळा उत्तर एकच, ‘उद्या आणते हं’.

घरी नेल्याच्या पहिल्याच संध्याकाळी स्वातीनं माझं पहिलं पान फाडलं. वर सोनेरी कागदाचं कव्हर घातलं आणि मोबाईलसमोर मला धरून म्हणाली, “ही माझ्या आजेसासूबाईंची वही.” आयत्या बिळावर नागोबा! त्या दिवसापासून मी तिच्यावर दात धरून बसले.

तिचे व्हिडिओ गाजले. भाज्यांना लक्कव्वाचं माप नव्हतंच, चव बघायची आणि टाकायचं, त्यामुळे तिथं ती तरून गेली. गोडाला मात्र तिनं हात लावला नव्हता. तिच्या घरी गोड दुकानातून यायचं.

श्रावणात महिला मंडळानं तिला शेंगांची पोळी करून दाखवायला बोलावलं. तिनं सराव केला, पण बोलण्याचा. बोलाचाच भात, बोलाचीच कढी. माझ्यात लिहिलं होतं, ‘शेंगा एक वाटी, गूळ दोन वाट्या’. हे लिहिताना गौतमीच्या डोळ्यांसमोर घरातल्या वाट्या होत्या. शेंगदाण्यांच्या कुटाला पितळेची थोरली, गुळाला स्टीलची बारकी. बारक्या तीन ओताव्यात तेव्हा थोरली एक भरते. घरात सगळ्यांना ठाऊक, म्हणून कुणी लिहिलं नाही. मला ठाऊक होतं. मला तोंड असतं तरी मी सांगितलं नसतं.

हॉल भरला होता. स्वातीच्या टेबलावर मी सोनेरी कव्हरात होते. तिसऱ्या रांगेत गौतमी लक्कव्वाला घेऊन बसली होती. आपली पोळी दुसरं कुणी कशी करतंय, ते म्हातारीला बघायचं होतं. स्वातीनं एकाच वाटीनं कूट घेतलं, त्याच वाटीनं दोनदा गूळ.

मंडळाच्या अध्यक्ष अंबूताई पुढंच होत्या. म्हणाल्या, “गूळ जास्त वाटत नाही का?”

“आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या असंच करतात,” स्वाती म्हणाली.

पोळी तव्यावर पडली आणि फुटली. गूळ वाहिला, जळला, धूर झाला. दुसरीचंही तेच, तिसरी उलथण्यालाच चिकटली. बायका पदराआड हसायला लागल्या. मला आनंद होत होता, लपवत नाही.

तेवढ्यात लक्कव्वा उठली. तिच्या मनात काही नव्हतं, तिला त्या बाईची कीव आली होती. “गुळाची वाटी बारकी असती बाई. शेंगांची थोरली. आमच्या गौतमीनं सांगिटलं न्हाई व्हय तुम्हास्नी?”

अंबूताईंनी वळून विचारलं, “तुम्हाला कसं ठाऊक, अक्का?”

“माझीच पोळी हाय न्हवं ती. त्या वहीत हाय की, आमच्याच.”

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आल्या. अंबूताईंनी टेबलापाशी येऊन मला उचललं, कव्हर काढलं. आत फाटलेल्या पानाची कड शिवणीत अडकलेली होती. स्वातीनं मान खाली घातली ती वर केली नाही. अंबूताईंनी मला गौतमीच्या हातात दिलं.

आता मी कमरीपेठेत, गॅसच्या वरच्या फळीवर असते. त्या रात्री लक्कव्वा लेकीला म्हणाली, “वाट्यांचं माप लिही बाळ. न्हाईतर अजून कुणाची तरी फजिती व्हायची.”

गौतमीनं पेन उघडलं. मी मनात म्हणत होते, नको लिहूस. तिनं न लिहिताच टोपण लावलं.

“राहू दे, अव्वा. ज्याला पाहिजे त्यानं तुझ्या दारात यावं आणि तुझं नाव घेऊन विचारावं.”

तुम्हीही या. लक्कव्वा खाऊ घातल्याशिवाय सोडत नाही आणि विचारलेलं काही लपवत नाही. मंडळातल्या चौघीजणी येऊन गेल्या. स्वाती अजून आलेली नाही. तिला यावंच लागेल, इथं बसून, चार माणसांत लक्कव्वाचं नाव घ्यावं लागेल. तोवर मी फाटायची नाही.