दोन मापं

"परत मोज," थोरली जाऊ म्हणाली.

मी परत मोजले. बी उगवतं का बघायला कोठीतले शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले होते, आज सहावा दिवस. मोड आलेले अकरा. बाकीच्यांवर बुरशी.

"अकराच."

"चष्मा लाव."

"लावलाय. चष्म्याने मोड फुटत नाहीत."

एरवी तिने मला चांगलं सुनावलं असतं. आज तिने फडकं आपल्याकडे ओढलं आणि स्वतः मोजून बघितलं.

गावातल्या बावीस घरांचं पांढऱ्या मक्याचं बियाणं तिच्या कोठीत असतं. दोन पावसांवर कणीस धरणारा हा मका आता आसपास कुठे उरलेला नाही. पेरणीला एक माप न्यायचं, हंगाम संपला की दोन मापं आणून आपल्या हाताने कोठीत ओतायची. ओतताना थोरली पाठ फिरवून उभी राहते. कुणाचं थोडं कमी भरलं तर त्याला ओशाळं वाटू नये म्हणून. तीस वर्षं मी सांगत आले, बाई, एकदा तरी वळून बघ. पण माझं ऐकेल ती थोरली कसली.

गेल्या हंगामात मका उभ्याउभ्या करपला. तरी बावीसही घरं दोन-दोन मापं घेऊन आली. ठेवणीतलं होतं, म्हणाली सगळी. थोरलीला किती बरं वाटलं होतं. आठवडाभर ती आल्यागेल्याला तेच सांगत होती.

आता तिने कोठीत कोपरापर्यंत हात घातला. आत ऊबट ओल होती. हात बाहेर आला तेव्हा बोटांच्या बेचक्यांत गुलाबी रंग होता. दुकानातल्या बियाण्याला लावलेलं औषध असतं ना, तो. धुतला तरी पुरता जात नाही. मला विचारा.

"हे दुकानातलं आहे," ती म्हणाली. "धुऊन आणलंय. ओलंच ओतलंय." मग माझ्याकडे बघून, "तुझंही?"

आमच्या चुली वेगळ्या, तेव्हा मापही वेगळं. खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमलं नाही.

"माझंही. तीन पाण्यांनी धुतलं, दोन दिवस वाळवलं. वाटलं, बावीस घरांत माझं एकटीचं खपून जाईल."

"प्रत्येकाला तेच वाटलं असणार."

"हो."

"मला सांगायचंस तरी."

"तू पाठ फिरवून उभी होतीस."

हे बोलायला नको होतं. अजून जिभेला टोचतं.

"या अकरांत आपल्या जुन्या मक्याचे किती?" तिने विचारलं.

"कसं सांगू? दिसायला सारखेच."

तेवढ्यात सुतार रिकामी पिशवी घेऊन पेरणीचं माप न्यायला आला. थोरली म्हणाली, "भाऊ, यंदा दुकानातून आणा. कोठी नासली." त्याने कशी म्हणून विचारलं नाही. पिशवीची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि खाली बघत निघून गेला.

"सगळ्यांनी दोन मापं आणली गं," थोरली कोठीचं झाकण लावत म्हणाली. "एकानेही शब्द मोडला नाही."

असलं बियाणं गुरांनाही घालता येत नाही. दुपारी परसात खड्डा खणला. मी पाट्या भरभरून ओतत होते आणि थोरली सवयीने पाठ फिरवून उभी होती.