मळमळ पळवणारा काढा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर काढेबाबा हिरव्या पाण्याची बाटली नाचवत गर्जत होते, "डॉक्टर मशीन बघतो, मी माणूस बघतो! गोळीनं आग लावली, काढ्यानं विझवली! ज्याची उलटी थांबली, त्याचा रोग निघाला! करा हात वर!"

हातांचं रान उगवलं. त्यात म्हाताऱ्या शिंप्याचाही हात होता.

त्याचं काही खोटं नव्हतं. रक्ताच्या कॅन्सरची रोजची गोळी सुरू झाल्यापासून त्याला अन्न बघवत नव्हतं. काढा घेतला आणि थोड्याच दिवसांत मळमळ पळाली. बायको गेल्यापासून त्याच्या खोलीत शिवणयंत्राखेरीज कुणी बोलत नव्हतं, आणि आता तेही झाकून ठेवलेलं. इथं मात्र शेजारी बसणाऱ्या मास्तरीणबाई, त्याही तसल्याच गोळ्यांवर, हसून म्हणायच्या, "शिंपीदादा, आज चेहरा खुललाय हो!" एवढ्या एका वाक्यासाठी तो आठवडाभर वाट बघायचा.

बाबांची अट एकच: डॉक्टरला सांगायचं नाही, गुण जातो.

तपासणीत मात्र डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काका, रोगट पेशी पुन्हा वाढल्यात. गोळी चुकवता?"

"एकही नाही, बाई."

"मग रक्तात औषध इतकं कमी कसं? आणखी काही घेता का? चूक माझीच, मी आधीच विचारायला हवं होतं. रागावणार नाही, सांगा."

त्याला बाबांची अट आठवली. तरी त्यानं पिशवीतून काढ्याची बाटली काढून टेबलावर ठेवली.

"काही झाडपाल्यानं यकृत असं जोरात कामाला लागतं, की औषध कामी येण्याआधीच मोडून टाकतं," त्या म्हणाल्या. "काही झाडपाल्यानं उलटच होतं, औषध अंगात साचून बाधतं. तुमच्या अंगात औषधच उरलं नाही, तर मळमळ कुठून होणार?"

"म्हणजे मला बरं वाटत होतं ते..."

"गोळीचा त्रास थांबला होता, काका. रोग नाही."

गोळी तीच ठेवून काढा तेवढा बंद केला. मळमळ परतली. पुढच्या तपासणीत रक्तातलं औषध चढलं होतं, रोगट पेशी उतरल्या होत्या. उलटीवर बाईंनी वेगळं औषध दिलं. रिकाम्या खोलीवर मात्र औषध नव्हतं.

न राहवून तो सभेला गेला आणि त्यानं मास्तरीणबाईंना सगळं सांगितलं.

"तुमचा विश्वास उडाला, तर आमचा कशाला मोडता?" त्यांनी तोंड फिरवलं. सेवेकऱ्यांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

तो फाटकाशी उभा राहिला. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागला, "बरं वाटणं म्हणजे बरं होणं नव्हे! मलाही वाटत होतं. रक्त तपासून घ्या. जे काही पिता ते डॉक्टरला दाखवा. आणि सांगू नका म्हणणाऱ्याला विचारा, का म्हणून?"

लोक त्याला वळसा घालून गेले. मास्तरीणबाईही गेल्या. पण कोपऱ्यावर थांबल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "तपासणीला फार वेळ लागतो का हो?"

"लागतो थोडा," तो म्हणाला. "मी येतो बरोबर. मला कुठं घाई आहे?"