तारखेसकट टांगा

मी एक जुना पत्रा आहे. मित्रांनो, गाडीच्या इंजिनावर जे झाकण असते, ज्याला बॉनेट म्हणतात, ते मी. माझी कीव करायला बसला असाल तर उठा. मला माझे म्हणणे मांडायचे आहे, आणि ते दोन भागांत आहे, कारण मी दोन भागांत आहे.

पहिला दिवस, दोन्ही बाजू

माझी गाडी मागून ठोकरली गेली आणि भंगारात निघाली. मी पुढे होतो म्हणून वाचलो. गाड्या रंगवणाऱ्या एका भावाबहिणीने मला आणले. भावाने मला लाल रंग दिला. असा लाल, की समोर येणारा आधी आपले केस नीट करायचा.

बहिणीने मधोमध चिकटपट्टी लावली, डाव्या बाजूला मेण चोळून पुसले, पट्टी काढली आणि हाक मारली.

"दादा, सांग. मेण कुठल्या बाजूला?"

दादा वाकला, तिरका झाला, एक डोळा मिटला. "उजव्या. हे मी झोपेतही सांगेन."

"झोपेतच सांगितलंस. चुकलास."

"उजेडच धड नाही इथे!"

मला उन्हात नेले. दादाने पुन्हा उजवीच बाजू दाखवली.

खरे तर निकाल तिथेच लागला होता. ताज्या रंगावर मेण दिसत नाही. पण दुकानाची पाटी म्हणत होती, 'मेण लावा, गाडी चमकवा', आणि दादा पाटीच्या बाजूने होता. "दोन वर्षं थांब," असे म्हणून बहिणीने मला छपरावर ठेवले.

डावी बाजू

दर दोन महिन्यांनी ती शिडीने वर यायची, मला धुऊन मेण लावायची. पाऊस माझ्यावर थेंबाथेंबाने बसायचा आणि घरंगळून जायचा. पक्ष्यांनी केलेली घाण फडक्याच्या एका फटक्यात निघायची. मी लालच राहिलो.

उजवी बाजू

मला फक्त पाणी. पाऊस माझ्यावर पसरून बसायचा, उठायचे नाव नाही. पक्ष्यांचे डाग आत उतरले. पहिल्या वर्षी विटलो, दुसऱ्या वर्षी भुरकट गुलाबी झालो. बोट फिरवले की पूड निघायची. माझा गुन्हा काय, तर मी पट्टीच्या या बाजूला होतो.

भिंतीवर

दोन वर्षांनी दादाने मला पाहिले आणि टाळी वाजवली. मला दर्शनी भिंतीवर टांगले. गिऱ्हाईक आले की सांगायचा, "ही बाजू मेणाआधी, ही मेणानंतर. मेणाच्या एका हातात!"

"एका हातात नाही, दादा. दोन वर्षांत."

"मग गिऱ्हाइकाला काय कॅलेंडर दाखवू?"

दोन वर्षे ऊन खाऊन मी साक्ष मिळवली, आणि ती माझ्याच अंगावर खोटी ठरत होती. मला तोंड असते तर!

एका दुपारी शाळेच्या बसवरून निवृत्त झालेले ड्रायव्हरकाका आले. त्यांची लाल गाडी माझ्या उजव्या बाजूसारखी झाली होती.

"परवा लेक गाडी न्यायला येतेय. पहिल्यासारखी करून देतो, असं कबूल करून बसलोय. मेणानं अशी होईल ना?" त्यांनी माझ्या डाव्या बाजूवर बोट ठेवले.

"होणार म्हणजे काय!" दादा म्हणाला.

बहिणीने मला खाली उतरवले. पॉलिश घेतले, मेण नाही, आणि उजवी बाजू घासू लागली. फडके लाल झाले. तो रंग माझाच होता. दुखले का, ते विचारू नका. मी हललो नाही, एवढेच सांगतो.

अर्ध्या तासाने तिने विचारले, "काका, आता सांगा, मेण कुठल्या बाजूला?"

काकांनी चष्मा पुसला. "उजव्या?"

दादा हसला नाही.

"उजवीला मेण नाहीच. मेलेला रंग घासून काढला, खालचा दिसला. आता कड बघा." कडेला रंगाखालचे करडे अस्तर डोकावत होते. "फार तर अजून एकदा घासता येईल. पुढच्या वेळी पत्राच. मेण नवी चमक आणत नाही, काका. असलेली धरून ठेवतं."

"मग माझ्या गाडीचं?"

"आधी घासते, मग मेण लावते. टपावर मात्र रंग पातळ आहे, तिथं हात लावणार नाही. तेवढं फिकं राहील. लेकीला आधीच सांगा."

"सांगतो. माझी थाप तिच्यापुढे दोन मिनिटं टिकत नाही."

काका गेल्यावर दादा म्हणाला, "दोन्ही बाजू सारख्या केल्यास. दोन वर्षं पाण्यात घालवलीस."

"मग ठेव पुन्हा छपरावर."

दादाने स्वतः मला वर नेले. स्वतः पट्टी लावली, आणि पट्टीवर तारीख लिहिली. पाटी अजून तीच आहे. विचारले की म्हणतो, रंग संपलाय. रंगाच्या दुकानात!

मी

मित्रांनो, माझी उजवी बाजू आता पातळ आहे. असू दे. मी पुन्हा विटेन आणि पुन्हा त्याच भिंतीवर येईन. तुमच्याकडे एखादी सायकल असेल, तर ती विटल्यावर गळा काढत येऊ नका. ती चकचकीत असताना या, मेणाचा हात फिरवूनही काही फरक दिसत नाही तेव्हा या. आणि मला टांगाल, तर तारखेसकट टांगा.

नाहीतर मी खिळ्यासकट खाली येईन.