वायरीपुरती जागा

फुजैल तळोज्याची रात्रपाळी करून सकाळी घरी यायचा, मोटरसायकल चार्जिंगला लावायचा आणि आडवा व्हायचा. बॅटरीची मोटरसायकल तेव्हा पनवेलच्या त्या अख्ख्या मोहल्ल्यात एकच. ती खाली गल्लीत, घर वरच्या मजल्यावर, आणि घरातला मोठा प्लग पार मागे, स्वयंपाकघरात. म्हणून एक्स्टेंशनची वायर दोन्ही खोल्यांतून खिडकीपर्यंत आडवी. दावणीला म्हैस बांधावी तशी गाडी दिवसभर त्या वायरीला बांधलेली.

जिक्रा नुकती रांगायला लागली होती. दिसेल ते तोंडात. तिला उचलून उचलून अमिरुन्निसा थकली, तेव्हा तिने वायरीवर माहेरची गोधडी अंथरली. लेक गोधडीवर लोळू लागली, आईचे हात भाकरीला मोकळे झाले.

एके दुपारी तिने जिक्राला उचललं, तर पाय कढत. ताप असेल म्हणून कपाळ पाहिलं, ते गार. मग तिचा हात गोधडीखाली गेला. वायर तापून मऊ झाली होती, गोधडीचं अस्तर तपकिरी पडलं होतं. तिने धावत जाऊन बटण बंद केलं आणि नवऱ्याला हलवलं.

फुजैल रागावला नाही. “अगं, वायरीला हवा लागते. झाकून कशी चालेल?”

“आणि नाही झाकली तर ही चावते. ते चालेल?”

त्याने बाजारातून जाड वायर आणली. दुकानदारानेही तेच बजावलं होतं, झाकायची नाही, गुंडाळून ठेवायची नाही. मग अमिरुन्निसा घरमालक कमलाकरकाकांकडे गेली.

“काका, भिंतीला वरून चार खिळे मारू द्या. नाहीतर जिन्याखाली एक प्लग द्या.”

“आज तुला प्लग, उद्या शेजारच्याला मोटर. आणि खिळा तर नकोच बाई, भिंत आधीच पोपडे टाकतेय. गाडीच विका ना.”

“मग पाळीवर काय उडत जातील?”

काका हसले, पण हो म्हणाले नाहीत. पाळीच्या वेळेला बस नव्हती. दुसरी खोली पाहिली, तिथे गाडीच उभी करू देईनात.

शेवटी फुजैलच बोलला, लेकीच्या केसांत बोटं घालत. “अमिरुन, तू उरणला तुझ्या अम्मीकडे राहा. हिला समजायला लागेपर्यंत.”

“हिला समजायला लागेल तेव्हा ही तुम्हाला ओळखेल का?”



जुम्म्याची नमाज पढून आल्यावर त्याने नवी वायर जमिनीवर सरळ पसरली, बटण लावलं. तोवर अमिरुन्निसाने जिक्राची झबली बॅगेत भरली. बऱ्याच वेळाने त्याने वायरीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला.

“उघडी आहे तर गार आहे बघ.”

तिनेही वाकून हात लावला. खरंच गार होती. आता भांडायलाही काही उरलं नव्हतं. फुजैलने बॅग उचलली आणि तिघं एसटी स्टँडकडे निघाली.