वाकडा कापणारा चाकू

मी दुकानात गेले होते तार आणायला आणि आले चाकू घेऊन. तार राहिली ती राहिलीच.

झालं असं, की हार्डवेअरवाल्या काकांच्या काउंटरवर, काचेखाली, कुलुपांच्या शेजारी एक मिटलेला चाकू पडला होता. गडद लाकडाची मूठ, दोन्ही टोकांना पितळ आणि पाठीवर बोटाच्या पेराएवढी एक पितळी जीभ. कलमाचा चाकू! झाडाच्या सालीला चीर द्यायची पात्याने आणि ती साल उचलायची या जिभेने. आमच्या गुलाबांच्या नर्सरीत असे चाकू मी अठरा वर्षं बघतेय, पण ते सगळे सासऱ्यांचे. माझा एकही नव्हता, कारण मला कलम जमत नाही हे घरात कधीच ठरून गेलं होतं.

"तो नका घेऊ," काका म्हणाले. "वाकडा कापतो. तीन गिऱ्हाइकांनी परत आणून दिलाय."

"वाकडा म्हणजे?"

"सरळ जा म्हटलं की भलतीकडे जातो. आमच्या मेव्हण्यासारखा."

मी तो हातात घेतला. खाचेत नख घालून पातं ओढलं, तर सुरुवातीला जरा अडलं आणि मग स्वतःच्याच जोराने पुढे जाऊन टक्क करून बसलं. त्या आवाजाने माझं अर्धं काम केलं. काउंटरवरची पेन्सिल घेऊन तासली, तर लांब, पातळ, अख्खी साल निघाली.

"अहो, सरळ तर कापतोय!"

काकांनी चाकू आणि पेन्सिल माझ्या हातातून घेतली, एकदा तासलं आणि पेन्सिलीला खड्डा पाडून दाखवला. मला वाटलं, काकांना पेन्सिल तासता येत नसेल. दुकान चालवणाऱ्याला सगळंच यायला हवं असं कुठे आहे? पडेल भावात मिळाला, मी घेऊन आले.

खिशात नवा चाकू असलेल्या माणसाला सगळं जग बांधलेलं, चिकटवलेलं आणि शिवलेलं दिसायला लागतं. पहिल्याच दिवशी मी खताच्या सहा गोण्यांचे दोरे कापले. त्यातल्या दोनच उघडायच्या होत्या. कुंड्यांचं पार्सल फोडलं, तीन पेन्सिली तासल्या, रोपांच्या लाकडी पाट्यांना टोकं काढली. नवऱ्याच्या शर्टाचा एक धागा लोंबत होता, तो तर शर्ट अंगात असतानाच कापला. तो बटणाचा निघाला.

"चाकू आणलायस की पाळलायस?" नवऱ्याने बटण शोधत विचारलं. तो आमची डिलिव्हरीची गाडी चालवतो. झाडांच्या पत्त्यापलीकडे त्याला झाडांचं काही कळत नाही, आणि तसं तो आनंदाने सांगतो.

एप्रनच्या खिशात चाकूचं वजन मांडीला लागत राहायचं. मी उगाच हात घालून बघायची, आहे ना. गिऱ्हाईक बोलत असलं की खिशातल्या खिशात मुठीवरून अंगठा फिरवायची. शेहेचाळीस वर्षांच्या बाईने असं करावं का? करावं. मला फार मजा येत होती.

"एकदा काय ते मीट तरी नाहीतर उघडा तरी ठेव," सासूबाई म्हणाल्या. "टकटक ऐकून माझं डोकं उठलं. पण असू दे, नव्याचे नऊ दिवस."

त्यांचं डोकं शांत करावं म्हणून मी एक सफरचंद घेतलं आणि सालीची एकच लांब पट्टी काढत त्यांना कापून दिलं. त्यांनी एक फोड तोंडात टाकली, आणि तेवढ्यात बाबा, म्हणजे माझे सासरे, शेडच्या दारात उभे राहिले.

"कलमाच्या चाकूने फळ?"

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. आमच्याकडे काही काही नियम आहेत, त्यातला हा पहिला. कलमाच्या पात्याला झाडाशिवाय कशाचाही स्पर्श नको. रस, माती, दोरा, काहीही लागलं तरी ते पुढच्या झाडाच्या जखमेत जातं. मी तर तोवर त्या पात्याला खतापासून बटणापर्यंत सगळं दाखवून आणलं होतं.

"मी कुठे कलमं करते, बाबा?" मी म्हटलं. "माझ्याकडे तो नुसता चाकूच आहे."

त्या आठवड्यात बाबा कुणाशीच धड बोलत नव्हते, आणि त्याला कारण होतं.

आमच्या नर्सरीत एक गुलाब आहे, त्याला आम्ही हट्टी म्हणतो. बाबांनी तो तरुणपणी दोन जातींच्या संकरातून स्वतः तयार केला. रंग पिकत आलेल्या जर्दाळूचा, कडेला किंचित लाल. फांदी तोडून मातीत खोचली तर मूळ धरत नाही, म्हणून हट्टी. तो वाढवायचा एकच मार्ग, रानगुलाबाच्या खुंटावर, म्हणजे मुळं असलेल्या खोडावर, डोळा भरणं. पानाच्या बगलेत जो बारीक फुगीर कोंब असतो तो डोळा. तो थोड्या सालीसकट काढायचा आणि खुंटाच्या सालीत चीर देऊन आत बसवायचा.

बाबांनी हट्टी कधी फार वाढवला नाही. एकदा कुणाला तरी विश्वासाने फांदी दिली, तर त्या माणसाने तो आपलाच म्हणून विकायला काढला. तेव्हापासून एकच मूळ झाड ठेवलं, आणि आता त्याच्या खोडात किडा शिरला होता. दोन फांद्या तेवढ्या हिरव्या उरल्या होत्या. त्यांवर मिळून अकरा डोळे.

आणि बाबांचे हात गेल्या वर्षापासून कापतात.

त्यांनी चार डोळे भरून बघितले. चारही फाटले. उरले सात. दुसऱ्या कलमवाल्याला बोलवा, असं नवऱ्याने सुचवून बघितलं, तर दोन दिवस त्याच्याशी अबोला. किडा रोज बोटभर खाली सरकत होता. आठवडाभरात काही झालं नाही तर हट्टी संपला, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

तर त्या दिवशी बाबांनी माझ्या हातातून चाकू घेतला. स्पिरिटच्या बोळ्याने पातं दोनदा पुसलं. मुठीचं पितळ बघितलं, जीभ बघितली. वस्तू चांगली आहे हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी छाटणीतली एक काडी उचलली आणि कोपर पोटाशी घट्ट धरून तासायला घेतली. हात असा टेकवला की त्यांचा काप अजूनही बरा येतो. पण पातं काडीत घुसलं. पुन्हा घेतलं, तर वर निसटलं.

"वाकडा कापतो. परत करून ये."

"नाचता येईना, अंगण वाकडं," सासूबाई सफरचंद खात म्हणाल्या.

आता ही म्हण या घरात बाबांची होती. लग्नानंतर पहिल्या वर्षी त्यांनी मला त्यांचा चाकू देऊन कलम शिकवायला घेतलं होतं. माझे डोळे फाटायचे, चीर तिरकी जायची. बाबा, हा चाकू सरळ चालत नाही हो, असं मी एकदा म्हणाले, तर त्यांनी हीच म्हण ऐकवली. मग मला भरलेल्या डोळ्यांवर पट्ट्या बांधायला बसवलं. डोळा भरणारा स्टुलावर बसतो आणि त्याच्या मागोमाग पट्टी बांधणारा खाली उलट्या क्रेटवर. अठरा वर्षं मी क्रेटवर होते. वाईट वाटायचं का? वाटायचं. कुणाला सांगितलं नाही एवढंच.

"सरळ कापतो, बाबा. द्या इकडे."

मी काडी घेतली आणि एक काप काढला. लांब, सपाट, आरशासारखा. दुसरा काढला, तोही तसाच. दाखवायला म्हणून नव्हे, पण तिसराही काढला.

बाबा काडीकडे बघत नव्हते. माझ्या हाताकडे बघत होते. माझ्या डाव्या हाताकडे.

त्यांनी चाकू परत घेतला, पातं उजेडात धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. कलमाच्या पात्याला धार एकाच बाजूने लावलेली असते. एक बाजू सपाट, दुसरीला उतार. सपाट बाजू लाकडाकडे राहिली तरच काप सरळ येतो. आणि ती लाकडाकडे राहील की बाहेर, हे चाकू कुठल्या हातात आहे त्यावर ठरतं.

"हा डावखुऱ्याचा आहे," बाबा म्हणाले.

सासूबाईंचं चावणं थांबलं.

"म्हणजे तुमचा चाकू..." मी म्हटलं.

"उजव्याचा."

"आणि मला अठरा वर्षं..."

"असे चाकू मिळतात हे मला ठाऊक होतं," बाबा म्हणाले. त्यांनी नजर वर केली नाही. "तू डावखुरी आहेस हेही रोज दिसत होतं. दोन्ही एकत्र कधी डोक्यात आलं नाही. चूक माझी आहे, पोरी."

मला राग यायला हवा होता. आलाही, चांगला सणसणीत आला. अठरा वर्षं अंगण खरोखर वाकडं होतं आणि मी स्वतःच्या पायांना दोष देत बसले होते! पण त्या रागाच्या मागून हसू आलं, ते काही आवरेना. मी हसले, मग सासूबाई हसल्या, आणि बाबा बिचारे आमच्या तोंडांकडे बघत उभे राहिले.

"हसून झालं असेल," शेवटी ते म्हणाले, "तर खुंट पाणी देऊन तयार आहेत. सात आहेत."

स्टुलावर बसायचा धीर मला झाला नाही. उभ्यानेच सुरुवात केली. खुंटावर आडवी चीर, तिच्यातून खाली उभी. पितळी जिभेने सालीचे दोन पदर अलगद वेगळे केले, आतून ओलसर हिरवं चमकलं. मग हट्टीची फांदी. पान कापून देठ तेवढा ठेवायचा, धरायला. डोळ्याच्या खाली पातं टेकवलं आणि ओढलं. माझा श्वास अडकला होता, पण पातं अडकलं नाही. डोळा सालीसकट तळहातावर आला, अख्खा. तो चिरेत सरकवला, तर नेमका बसला.

"हळू," बाबा माझ्या मानेमागून म्हणाले.

"अहो, तिच्या अंगावर श्वास सोडू नका," म्हणत सासूबाईंनी त्यांना शर्टाला धरून मागे ओढलं.

सातही डोळे भरले. पट्ट्याही मीच बांधल्या. सातव्याला हात दुखून आला होता आणि मला आणखी सत्तर मिळावेत असं वाटत होतं.

मग थांबणं. डोळा लागला की नाही हे तीन आठवड्यांनी कळतं, आणि कळायची खूण अगदी साधी आहे. तो जो देठ ठेवलेला असतो, त्याला बोट लावायचं. लागलेल्या डोळ्याचा देठ पिवळा पडून टचकन गळून येतो. मेलेल्याचा सुकून चिकटून बसतो. मधल्या दिवसांत मूळ झाड पार वाळलं, नवऱ्याने ते उपटून जाळलं. आता जे होतं ते त्या सात कुंड्यांत. मी रोज बघायला जायची आणि तिथे बाबा आधीच असायचे. मग आम्ही दोघंही पाणी घालायला आलोय असं दाखवायचो. त्या कुंड्या बुडाल्या नाहीत हेच नशीब.

एकविसाव्या दिवशी सकाळी सगळे जमले. बाबांनी बोट पुढे केलं.

"तुमच्या हाताने तर खांबसुद्धा गळून पडेल," सासूबाई म्हणाल्या. "तिला लावू दे."

मी पहिल्या देठाला बोट लावलं. हलला नाही. सुकलेला, काळा, घट्ट. दुसरा. टच, आणि देठ मातीत. तिसरा, टच. चौथा मी नीट स्पर्श करायच्या आतच पडला. पाचवा पडला. सहावा चिकटलेला होता. सातवा पडला. त्याच्या खालचा डोळा हिरवागार होता, टोकाला लाल ठिपका घेऊन फुगलेला.

"पाच!" नवरा ओरडला, जसं काही त्यानेच भरले होते.

मी रडले. सांगायला लाज कसली? चांगली हुंदके देऊन रडले, आणि सासूबाईंनी त्यांच्या पदराने माझं नाक पुसलं.

बाबांनी पाचही कुंड्या एकेक करून उचलून बघितल्या आणि ते आत निघून गेले. मला वाटलं, झालं, एवढंच. थोड्या वेळाने शेडमधून काहीतरी ओढल्याचा आवाज आला, म्हणून मी डोळे पुसत आत गेले.

टेबलाशी पन्नास नवे खुंट ओळीने मांडलेले होते, शेजारी दुसऱ्या गुलाबांच्या ताज्या फांद्या. स्टूल माझ्या उंचीला खाली करून बाहेर ओढून ठेवलं होतं. आणि खाली, उलट्या क्रेटवर, मांडीवर पट्ट्यांचं भेंडोळं घेऊन बाबा बसले होते.

"बांधायला कापरा हात चालतो," ते म्हणाले. "वेळ लागतो जरा. तू फार पुढे जाऊ नकोस, म्हणजे झालं."