हत्तीच्या हातची ढाल

मी एक जुना हत्ती आहे. घाबरू नका मित्रांनो, बुद्धिबळातला, अंगठ्याएवढा. आमचा वजीर हरवला आणि आमची अख्खी फौज माळ्यावरच्या डब्यात गेली. किती वर्षं, ते विचारू नका.

एका रविवारी घरातल्या धाकटीने मला बाहेर काढलं, बाटलीचं पत्र्याचं झाकण चिकटवलं आणि मी ढालकरी झालो! खेळ असा: ताई गोष्ट सांगणार, राक्षस तिचे. धाकटीचा मी. आतेभावाचा वैद्य म्हणजे एक खोडरबर. घाव लागला की नाही, ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. एकोणीस किंवा वीस पडल्याशिवाय मला घाव लागतच नसे. धाकटी काय मिरवायची!

ताईचे राक्षस मात्र माझ्यापुढे अगदीच पुचाट ठरायचे. वैतागून तिने त्यांची ताकद वाढवली. मला जेमतेम खरचटलं, खोडरबर पहिल्याच फटक्यात आडवं.

"ताई, राग तिच्या ढालीवर आणि मरायचं मी?" आतेभाऊ म्हणाला.

मग पुढच्या रविवारी राक्षस मला वळसा घालूनच जाऊ लागले. दुपारभर मला कुणी शिवलं नाही. शेवटी धाकटीने मला उचलून डब्यात ठेवलं.

"मी नसले तरी तुझा खेळ चालतो, ताई. पुढच्या वेळी मला धरू नकोस."

आठवडाभर ताई गोष्टीच्या वहीत खाडाखोड करत होती. मग तिने धाकटीला एकदाच, शेवटचं, म्हणून बसवलं.

या वेळी राक्षसांची ताकद पूर्वीचीच होती. अरुंद पूल, त्यावर चौघे माझ्या ढालीवर आपटून परत जाणारे. पाचवा मात्र लांबून वैद्यावर बाण रोखून बसलेला. पूल धरू की वैद्याला झाकू? धाकटी नखं खात राहिली. मग तिने मला पुलावरून उचलून खोडरबरापुढे ठेवलं.

फासा पडला. वीस.

"लागलं एकदाचं," धाकटी म्हणाली आणि इतकी हसली की ताईही हसली. पूल गेला, वैद्य वाचला. पुढच्या रविवारी किती वाजता खेळायला बसायचं, हे धाकटीनेच विचारलं.

मित्रांनो, ढालवाल्याला टाळून जाऊ नका, आणि त्याला पाडायच्या नादात शेजाऱ्याला चिरडू नका. त्याच्यामागे वाचवावंसं वाटेल असं कुणीतरी उभं करा. ढाल त्याच्यासाठीच तर असते.